पासलीतलं भर दुपारचं दळण

या सदरात येणारे अनुभव मी नियमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. कुणाला पिंपळावर कोण दिसतं, कुणाच्या अंगात कोण येतं... आमच्याकडे असलं कधी चाललंच नाही. माझे यजमान मास्तर. घरात अंगारा-धुपारा येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा कडक कायदा, आणि मी त्यांच्याहून एक पाऊल पुढे. तरीही आज हे लिहायला बसले आहे, कारण गेल्या महिन्यात आमच्या थोरलीचं लग्न झालं आणि त्या मांडवात जे घडलं त्यानंतर मला राहवलं नाही. हसायचं असेल त्यांनी हसावं. मीही इतकी वर्षं तेच केलंय.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, म्हणजे खालसातले, इंग्रजांच्या मुलखातले. प्लेगच्या एका हिवाळ्यात माझं माहेर बसलं. आई, वडील, दोघे भाऊ, सगळे एकाच हंगामात गेले. पुढच्या दोन वर्षांत सासरचंही कुणी उरलं नाही. यजमान व्हर्नाक्युलर फायनल झालेले होते. त्यांना भोर संस्थानात मास्तरकी मिळाली, गाव पासली. आम्ही घराला कुलूप घातलं, दहा महिन्यांची पोर कडेवर घेतली आणि निघालो. पुन्हा प्लेगचेच दिवस होते.

आता कुणी म्हणेल, साताऱ्याहून भोर ते केवढं! पण आमच्यासाठी तो दुसरा देशच होता. राजा वेगळा, कचेरी वेगळी, कायदा वेगळा. कापूरहोळला फाट्याजवळ संस्थानचा नाका लागला, तिथे आम्हाला मोटारीतून उतरवून घेतलं. कपड्यांना गंधकाची धुरी दिली, काखा तपासल्या, कुठून आलात, घरात कोण कोण गेलं, सगळं खोदून खोदून विचारलं. शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाला परत पाठवलं. आम्हाला सोडलं. भोरला कचेरीत हजेरी लावली, तिथून बैलगाडीने वेल्हे. वेल्ह्यात प्लेगच्या टोचणीचा कॅम्प होता, तिथे संध्याकाळी आम्हा दोघांना दंडात सुई दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बैलावर सामान लादून पायी पासलीकडे निघालो.

वाटेतच माझा दंड सुजला आणि अंगात कणकण भरली. टोचणीचा ताप येतो हे आम्हाला सांगितलेलं होतं, त्यामुळे घाबरले नाही, पण पाय जड झाले. तोरणा एका अंगाला ठेवून आम्ही पासलीच्या शिवेत शिरलो तेव्हा दुपार कलायला लागली होती.

गाव दिसलं आणि बैलवाला थबकला. घराघराच्या दारात बाभळीच्या फेसाट्या, काटेरी फांद्या, आडव्या लावलेल्या. चुलीचा धूर नाही, कोंबडी नाही, कुत्रंसुद्धा नाही. उंदीर पडले की गाव माळावर झोपड्यांत जातं, ही रीत आमच्याकडेही होती, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही. भोरच्या कचेरीत कुणाला याची खबर नव्हती इतकंच. बैलवाल्याने सामान तिथेच उतरवलं आणि तो मागे फिरला.

यजमान म्हणाले, तू इथे बस, मी माळाची वाट बघून येतो. मी पोरीला घेऊन एका ओट्यावर टेकले. उन्हाचं बरं वाटत होतं. आणि तेवढ्यात घरघर ऐकू आली... जातं. कुणीतरी दळत होतं!

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? भूत नव्हे. मनात आलं, ही कुठली आळशी बाई, जी भर दुपारी दळायला बसली आहे! दळण पहाटेचं. दिवस वर आल्यावर जात्यावर बसलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. आणि दुसरा विचार आला तो रागाचा. गाव सगळं माळावर जातं आणि एक बाई प्लेगच्या घरात मागे ठेवतं, ही काय माणसं म्हणायची?

मी उठून आवाजाच्या रोखाने गेले. दारात उंबराचं झाड असलेलं घर होतं. फेसाटी जागच्या जागी. आतून जात्याचा आवाज आणि बाईचा गळा, अगदी स्वच्छ. ओवी म्हणत होती. मी दोनदा ऐकली म्हणून पाठ झाली:

*शिवंच्या दगडावरी बसले मी घटकाभर*
*धोंडू माझ्या बंधवा, दाव मला माझं घर*

मी दाराशी जाऊन म्हटलं, "अहो बाई, आत का थांबलात? गाव बाहेर पडलंय." जातं थांबलं.  मी फेसाटीला हात घालणार तोच मागून यजमानांनी हाक मारली. त्यांनी माळाची वाट शोधली होती. मी म्हटलं, आत कुणीतरी आहे. ते म्हणाले, हो, दळण मीही ऐकलं, पण आपण उघडायचं नाही, वर जाऊन सांगू. ओवी मात्र त्यांना ऐकू आली नव्हती. हे नीट लक्षात ठेवा — जातं आम्ही दोघांनी ऐकलं, ओवी मी एकटीने.

माळाच्या अलीकडे एक ओढा आहे. आम्ही ओढ्याशी पोचतो न पोचतो तोच पलीकडून माणसं धावत आली, हातात काठ्या. सगळ्यांच्या पुढे पस्तिशीचा एक उंच माणूस होता. तिथेच थांबा म्हणाले. यजमानांनी मास्तरकीचं सांगितलं, नाक्यावर तपासणी झाल्याचं सांगितलं, टोचणीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शिवीगाळ कुणी केली नाही. पण त्यांचं म्हणणं एकच होतं: तुम्ही कुणाचे? पासलीत तुमचं कोण आहे? हंगामात परका माणूस गावात घ्यायचा नाही असं गावाने ठरवलं होतं. कुणाचा पाहुणा असला तर तो ज्याचा त्याने ओळखून, स्वतःच्या जबाबदारीवर, वेगळ्या झोपडीत ठेवायचा. आमचं पासलीत कोण असणार? आमचं तर कुठेच कुणी नव्हतं.

त्यात मला थंडी वाजून आली आणि मी मटकन खाली बसले. पलीकडची माणसं चार पावलं मागे सरली. कुणीतरी म्हणालं, बाईला ताप हाय. झालं! दंडाची सूज दाखवली तर त्यांना ती गाठच वाटली. आता सूर्य डोंगरामागे जायला लागला होता. वेल्हे गाठणं शक्य नव्हतं, त्या रानात बिबटे होते, आणि पोर थंडीने कुडकुडत होती. यजमान हात जोडायला लागले. त्यांना मी कधी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं... ते बघून माझं डोकंच फिरलं.

मी बसल्या जागेवरून ओरडले की आम्हाला अडवता ते अडवा, पण स्वतःच्या गावातली बाई प्लेगच्या घरात दळत बसली आहे, तिला आधी बाहेर काढा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, गावात चिटपाखरू न्हाई बाई, माणूस न् माणूस माळावर हाय. मी म्हटलं, मला खोटं पाडू नका. उंबराचं घर आहे, जातं आम्ही दोघांनी ऐकलं, आणि ती ओवी म्हणत होती. आणि रागाच्या भरात ती ओवी मी त्यांना म्हणून दाखवली. गळा माझा बरा आहे असं लोक म्हणतात, पण तेव्हा दात वाजत होते.

ओवी संपली आणि पुढे उभा असलेला तो उंच माणूस तसाच उभा राहिला. हातातली काठी त्याने कधी टाकली ते मला दिसलं नाही. त्याने विचारलं, "कुठं ऐकली म्हनलात ही?"

"उंबराच्या घरात."

"त्ये माझं घर हाय," तो म्हणाला. "धोंडू म्या."

मग तो ओढ्यात उतरला. मागून दोघा-तिघांनी हाका मारल्या, धोंडिबा, येडा झालास का... त्याने मागे वळून पाहिलं नाही. पाण्यातून निथळत तो माझ्यासमोर आला, वाकला आणि माझ्या मांडीवरची पोर उचलून छातीशी घेतली. प्लेगच्या दिवसांत, तापाच्या बाईची पोर! मग पलीकडच्या गावकऱ्यांकडे तोंड करून तो शांतपणे बोलला.

"ही माझी भन हाय. हिला म्या नेतोय. ज्याला भ्या वाटत आसंल त्यानं आपली झोपडी हलवावी."

एकही झोपडी हलली नाही. उलट त्या म्हाताऱ्याने स्वतःची घोंगडी ओढ्याच्या काठावर आणून ठेवली. धोंडिबादादांनी रात्र पडायच्या आत आमच्यासाठी वेगळं खोपटं उभारलं, गवत पेंढा आणला, दारात शेकोटी केली. सकाळी माझा ताप उतरला होता. दादांची बायको, हौसावहिनी, लांबूनच ओरडून विचारायला आली आणि मी उभी राहून चालून दाखवलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तिथूनच माझी दृष्ट काढली.

दादांनी नंतर सगळं सांगितलं. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, त्यांची थोरली बहीण सगुणा तापाने फणफणत सासरहून माहेराला चालत आली होती. गावाने तिला शिवेवर अडवलं. वडील गावाच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. ती शिवेच्या दगडावर बसून राहिली. दादा तेव्हा वयात आलेले, पण बापापुढे तोंड उघडायची छाती नव्हती. अंधारात ते चोरून पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तेव्हा ती दगडावर बसून हीच ओवी म्हणत होती, जात्यावर बसल्यासारखी डुलत डुलत. तांब्या लांब ठेवून ते पळून आले. उजाडल्यावर ती दगडाशीच गेलेली होती. दादा म्हणाले, "ती ववी म्या सोडून कुनीच ऐकली न्हाई. म्या बायकोलाबी सांगितली न्हाई."

आमचे मास्तर यावर बरेच दिवस विचार करत होते. त्यांचं म्हणणं, शिवेवर अजून कुणी ऐकली असेल, ती पसरली असेल, गावातली एखादी बाई काहीतरी आणायला घरात शिरली असेल आणि आम्हाला बघून लपली असेल. मलाही ते पटण्यासारखं वाटायचं. मग एक दिवस हौसावहिनीने मला त्यांच्या झोपडीत नाचणी दळायला बोलावलं. जातं बघून मी सहज विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, आमचंच की! गाव सोडलं त्याच दिवशी गाडीतून आणलं, जात्याबिगर माळावर खायचं काय? म्हणजे उंबराच्या घरात जातं नव्हतंच. पुढे गाव परत गेलं तेव्हा मी दादांबरोबर त्या घरात शिरले. फेसाटी कुणी हलवलेली नव्हती, तिच्यावर कोळ्याची जाळी होती. आत जात्याची जागा रिकामी.

मास्तर ते बघून आले आणि बाई लपल्याचं आपलं म्हणणं त्यांनी स्वतःच मागे घेतलं. हा त्यांचा स्वभाव नाही.

पण मला सांगायचंय ते पुढचं. त्या हिवाळ्यात मास्तरांनी माळावरच शाळा भरवली, पोरं राखेत अक्षरं गिरवायची. हळूहळू पोरीही येऊन बसायला लागल्या, त्यांना मी शिकवायची. माळावर त्या साली एकही माणूस दगावलं नाही. पुढच्या हंगामात बाहेरून एक कुटुंब ओढ्यापाशी आलं, तेव्हा तुम्ही कुणाचे हा प्रश्न कुणी विचारला नाही. आधी खोपटं बांधलं, घोंगड्या दिल्या, मग नावगाव विचारलं. तो नवा कायदा धोंडिबादादांनी गावाकडून करून घेतला, आणि आजतागायत तो चालू आहे. सतरा-अठरा वर्षं झाली. दर भाऊबीजेला मी दादांना ओवाळते. साताऱ्याचं कुलूप आम्ही परत उघडलंच नाही.

तर गेल्या महिन्यात लेकीचं लग्न होतं. मुलाकडचे किकवीचे, खाऊनपिऊन सुखी. मुलीला मांडवात आणायची वेळ झाली आणि त्यांच्यातल्या एका बड्या पाहुण्यांनी मोठ्याने विचारलं, मुलीचे मामा कोण? कुणीतरी दादांकडे बोट दाखवलं. पाहुणे हसले. म्हणाले, हे तर पासलीचे शेतकरी, आणि मुलीची आई तिकडची साताऱ्याची. मग हे मामा सख्खे का मानलेले?  माझा चेहरा उतरला असणार, कारण मास्तर माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

दादांनी फेटा सारखा केला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सख्खा," ते म्हणाले, आणि पोरीचा हात धरून तिला मांडवात घेऊन आले. जन्मात खोटं न बोललेला माणूस. पासलीची सगळी माणसं तिथे बसली होती, म्हातारेकोतारे, ओढ्यावर काठी घेऊन उभे राहिलेलेसुद्धा. एकानेही मान हलवली नाही की कुजबुज केली नाही. पाहुण्यांनी मग त्यांना मानाचं उपरणं दिलं आणि मी आत जाऊन पोटभर रडले, आनंदाने.

उंबराच्या घरात त्या दुपारी कोण होतं, मला माहीत नाही. मास्तरांनाही नाही. दादांना मी एकदा विचारलं होतं, तेव्हा ते नुसतं म्हणाले की सगुणा घरी आली असंल. यापलीकडे आमच्याजवळ उत्तर नाही, आणि कुणाजवळ असलं तर मला ते खरंच ऐकायचं आहे. लग्नानंतर मुलगी मांडवपरतणीला आली ती आधी मामाच्या घरी उतरली, मग आमच्याकडे. मी रागावले तर म्हणाली, आई, तुझ्याही माहेरी आधी जायला नको का?