राजाची न राहिलेली राणी

माझी थोरली मावशी, आवेरो, राजवाड्याच्या दरवाजासमोर अकारा तळायची. चवळी भिजवून, सालं काढून, पाट्यावर वाटून लाल पाम तेलात सोडलेले वडे. आमच्या ओकेलारे गावात वडे तळणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण राजवाड्याकडे तोंड करून बसणारी ती एकटीच. बाकीच्या जणी राजाचा मान म्हणून जरा तिरक्या बसायच्या.

ती पहिल्यांदा तिथे बसली तेव्हा तिचं लग्नाचं वय नुकतंच झालं होतं. तेव्हाचा राजा म्हातारा होता आणि बाजारातली एखादी मुलगी आवडली की हुजऱ्याला पाठवायचा. अर्ध्या डोक्याचा गोटा केलेला हुजऱ्या यायचा आणि तिच्या चुलीपुढे राजाची काठी टेकवायचा. बस. मुलीच्या बापाला मागणी नाही, वधूमोल नाही, लग्नाच्या बोलणीत वाटतात त्या कोलाच्या बियाही नाहीत. राजाला आम्ही काबियेसी म्हणतो, म्हणजे ज्याला कुणी जाब विचारायचा नाही असा. तशी काठी मावशीपुढे टेकली आणि कढईतले वडे तसेच टाकून तिला आत नेलं. आजोबा घरी रडले आणि बाहेर लोकांचं अभिनंदन घेत बसले.

आत गेल्यावर तिचं डोकं भादरलं. राण्यांचं तसंच असायचं. राण्यांच्या चौकाला एकच दार, आणि त्या दारावर थोरली राणी अदुफे चटई टाकून बसलेली. मावशी सांगायची की आत उपाशी कुणी नव्हतं, मारत कुणी नव्हतं, फक्त दिवस सरत नव्हता. पहाटे मात्र राजाचा ढोलवाला राजाला उठवायला यायचा आणि ढोलाच्या बोलांतून सगळ्या राजांची नावं घ्यायचा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. भिंतीपलीकडून ती ऐकायची. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं.

त्या नावांत पहिलं नाव बाईचं आहे. येये आरे. आमच्या गावात हे लहान पोरालाही ठाऊक असतं, फक्त कुणी त्यावर विचार करत नाही. येये आरे पश्चिमेकडच्या कुठल्याशा राजाची बायको. त्याने तिची खोली नव्या राणीला दिली, तशी ती पोटच्या पोराला पाठीला बांधून निघाली आणि इथे टेकडीवर स्वतःच्या हाताने माती तुडवून एक खोली उभी केली. शिकारी तिथे पावसात थांबले, मग राहिले, मग गाव झालं. ती खोली अजून राजवाड्याच्या पोटात आहे. प्रत्येक राजाला तिच्याच उंबऱ्यावर मुकुट चढवतात. नंतरच्या प्रत्येक राजाने आपापला एक चौक बाहेरून जोडला, कुणी कोरीव खांबांचा, कुणी घोड्यांचा. एकाने राण्यांचा चौक बांधला, आणि भिंत दोन पुरुष उंच ठेवली.

काही वर्षांनी म्हातारा राजा वारला. रीतीप्रमाणे त्याच्या राण्या नव्या राजाच्या झाल्या. नवा राजा वयाने बरा होता, देखणाही होता, आणि अदुफेने मावशीला सांगितलं की आता तुझं नशीब उघडलं. मावशीने विचारलं की मला कुणी विचारणार आहे का. अदुफे हसली.

तेव्हा गोऱ्या सरकारने बायकांना फारकत मागायची मोकळीक दिली होती, पण फारकतीचं कोर्ट चालवायचा राजाच. राजवाड्याच्या पुढच्या चौकात भरायचं. म्हणजे राजापासून फारकत हवी तर राजाकडेच अर्ज करायचा. असा अर्ज कुणी केलेला नव्हता, म्हणून करू नये असंही कुणी म्हणून ठेवलेलं नव्हतं. कोर्टाच्या दिवशी राण्या पाहुण्यांना पाणी द्यायला बाहेर येत. मावशीने पाण्याचा माठ खाली ठेवला आणि फिर्यादींच्या रांगेत जाऊन गुडघ्यावर बसली.

माझी आई त्या गर्दीत होती. ती सांगायची की आधी सगळ्यांना वाटलं, पोरीला भोवळ आली. मग प्रधानाने विचारलं की तुझं काय. तिने सांगितलं की मला फारकत हवी. कुणापासून, तर समोर बसलेत त्यांच्यापासून. 

प्रधान म्हणजे जुनं खोड. तो म्हणाला, "फारकत मागणाऱ्या बाईनं वधूमोल परत करायचं असतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. माझ्या बापाला राजवाड्यातून काय मिळालं ते कोर्टानं सांगावं. सगळं परत करते."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. प्रधानाने मान खाली घातली. मग राजा स्वतः बोलला. या घरातून राणी निघून गेल्याचं कधी कुणी ऐकलं आहे का, असं त्याने लोकांना विचारलं. 

उत्तर मावशीने दिलं. "काबियेसी, निघून जाणारी एक तर या घराची मालकीण झाली. रोज पहाटे तुम्हाला तिचंच नाव घेऊन उठवतात."

राजा उठला आणि आत गेला. फारकत दिलीही नाही, नाकारलीही नाही. प्रधान, हुजरे सगळे त्याच्यामागे. मावशी गुडघ्यावरून उठली आणि म्हणाली, न्यायाधीश उठला म्हणजे खटला संपला. आणि दरवाजातून सरळ बाहेर चालत आली. तिला अडवायचा हुकूम कुणी दिलेला नव्हता आणि दारावरच्या शिपायांना हुकमाशिवाय काही सुचत नसे.

आजोबांनी भीतीने तिला घरात घेतलं नाही. माझ्या आईने घेतलं. माझे वडील लोहार, राजवाड्याची सगळी कुदळी-विळ्यांची कामं त्यांच्याकडे; त्यांना हात लावणं राजालाही परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावात घंटा वाजवत दवंडी फिरली की आवेरोकडून कुणी काही घ्यायचं नाही आणि कुणी तिच्याशी लग्न करायचं नाही. मावशीने त्याच दिवशी दरवाजासमोर चूल मांडली आणि केस बोटभर वाढताच मैत्रिणीकडून भर बाजारात त्यांच्या वेण्या घालून घेतल्या. जेमतेम पकडीत येत होते, पण घातल्या.

सुरुवातीला तिचे वडे परगावचे लॉरीवाले तेवढे घ्यायचे. त्यांना आमच्या राजाचं काय. त्यांतला एक, इलेशा गावाकडचा, वर्षानुवर्षं येत राहिला. तिला म्हणायचा चल माझ्या गावी, तिथे घंटा नाही. तिला तो आवडायचा, हे आईने मला सांगितलं. पण ती म्हणायची की गाव माझं आहे, मी का सोडू. शेवटी तो दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला. त्या आठवड्यातही तिची चूल एक दिवस बंद राहिली नाही.

एकदा खुद्द अदुफे शिव्या द्यायला बाहेर आली. राणी होतीस, आता वडे तळतेस, लाज नाही वाटत, असं भर बाजारात म्हणाली.

"तिथेही राजासाठी तळतच होते, अदुफेबाई," मावशी म्हणाली. "फक्त खाणारा मी निवडलेला नव्हता. बसा, गरम आहेत."

अदुफे बसली नाही. पण त्या वर्षी फोलावे नावाची धाकटी राणी भर दुपारी ओढ्यावर म्हणून निघाली आणि रिकामा हंडा घेऊन मावशीच्या चुलीपाशी येऊन बसली, ती परत गेलीच नाही. मग दुसरी, मग तिसरी. आमच्या घरात अशा बायकांसाठी एक खोली कायमची मोकळी ठेवलेली असे. मी त्याच खोलीत अक्षरं गिरवली. घंटेची आठवण लोकांना हळूहळू राहिली नाही, कारण वडे खरंच चांगले होते.

राजे बदलले, सरकार बदललं. राण्यांच्या चौकाची भिंत पावसात बसली, ती पुन्हा कुणी उभी केली नाही. मावशी खूप म्हातारी होऊन, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. प्रेत न्हाऊ घालून होतंय तोवर राजवाड्यातून हुजऱ्या आला, सोबत चार माणसं आणि पांढरं कापड. फारकत कोर्टाने दिली नव्हती, म्हणून ती अजून राजवाड्याचीच, आणि राणीला राजवाड्याच्या आवारातच पुरायचं, असं त्याने अदबीने सांगितलं.

घरात बाजारातल्या सगळ्या बायका जमलेल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. फोलावे, तीही आता काठी टेकत चालणारी, उठली आणि दारात आडवी चटई टाकून तिच्यावर बसली. तिच्यामागे बाकीच्या बसल्या. दारापासून पार रस्त्यापर्यंत बायकाच बायका.

हुजऱ्या तरुण होता, बिचारा घामाघूम झाला. मला म्हणाला, "काकू, मी काबियेसींना काय सांगू?"

"सांग, ती नाही म्हणाली."

"मेलेली बाई?"

"जिवंतपणीच म्हणून ठेवलंय. भरलेल्या कोर्टात."

 त्याने हातातलं पांढरं कापड घडी करून काखेत घातलं आणि माणसांना घेऊन परत गेला. आमच्याकडे घरच्या माणसाला घरातच पुरतात; आम्ही तिला तिच्याच खोलीच्या जमिनीखाली पुरलं, आणि वर माती चोपायचं काम सगळ्याजणींनी पाळीपाळीने केलं.