दाराबाहेरचं स्टूल

आमच्या क्लासच्या हजेरीवहीला दोन तोंडं आहेत. पुढून उघडली तर मुलींची हजेरी, मागून उघडली तर किस्से. कोणी काही भन्नाट बोललं की मी वही उलटी करते आणि टिपून ठेवते. दरवर्षी वही मागच्या बाजूनं आधी भरते! नवरा विचारतो, "तू कॉम्प्युटर शिकवतेस की लोकांची बोलणी गोळा करतेस?" दोन्ही करते! अड्याळला खत-बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बारा कॉम्प्युटर घेऊन बसलेल्या बाईला दुसरी करमणूक काय असणार?

*

आधी आमच्याकडे मुलं-मुली एकत्र असत. एका कॉम्प्युटरवर दोघं. म्हणजे मुलगा माउस धरणार आणि मुलगी मागून बघणार. मी हटकलं की म्हणायची, "मी पाहून राहिली ना मॅडम!" मलाही वाटायचं, शिकताहेत पोरी.

तीन महिन्यांनी परीक्षा घेतली. रूपाली म्हणून एक मुलगी होती, बोलायला एकदम फटाकडी. तिला एकटीला खुर्चीवर बसवलं आणि फाइल उघडायला सांगितली. ही आपली दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसली.

"काय झालं गं? येत नाही?"

"येते ना मॅडम, सगळं येते. फक्त हात लावता येत नाही!"

सगळा क्लास हसला. मीही हसले, पण घरी पोचेपर्यंत मला माझीच लाज वाटायला लागली होती. पुढच्या सोमवारपासून चार ते सहा फक्त मुलींची बॅच सुरू केली. एकीला एक माउस.

*

बॅच काढली खरी, पण मुली कुठून आणायच्या? रूपाली म्हणाली, "मॅडम, माह्या आईले पटवा. बाकीच्या बाया तिचंच ऐकतात."

तिची आई, शेवंताबाई, रोवणीच्या बायकांची म्होरकी. पावसाळ्यात धानाची रोपं चिखलात लावायची, दिवसभर कमरेत वाकून, आणि कोणाच्या शेतात कधी जायचं ते त्या ठरवणार. मी त्यांच्या ओसरीवर बसून भाषण सुरू केलं. मुलींचं भविष्य, नोकरी, स्वतःच्या पायावर उभं राहणं, सगळं काढलं. त्यांनी मध्येच तोडलं.

"ते काम उन्हात असते का?"

"नाही हो."

"चिखलात?"

"छे! खुर्चीवर बसून असतं. पंख्याखाली."

"वाकावं नाही लागत?"

"अजिबात नाही."

शेवंताबाईंनी कमरेवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी इतकी वर्षं काहीतरी लपवून ठेवलं होतं.

"मंग पोरीचं काहून लिवता? आधी माहंच नाव लिवा ना!"

लिहिलं! दोन दिवस आल्या, स्वतःचं नाव टाइप करून दाखवलं, मग शेताची कामं निघाली. पण त्यांच्या शब्दावर अकरा मुली आल्या. माझ्या भाषणावर एक आली नसती.

*

त्या अकरांत प्रतीक्षा होती. अकरावी सायन्स, डोकं तल्लख, बोलणं कमी. तिचे वडील नामदेवभाऊ धानाचे शेतकरी, आणि बोलण्यात लेकीपेक्षाही चिंगूस! पहिल्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "पोरगी येईन. पण मी संग येईन."

आणि आले की हो! रोज चारला सायकलवर लेकीला आणायचे, दाराबाहेरच्या स्टुलावर बसायचे, सहाला घेऊन जायचे. मुली कुरकुरायला लागल्या. एकदा मीच म्हटलं, "भाऊ, बाहेर उकडतं. आत येऊन बसा, तुम्हीही शिका."

"मी शिकाले नाही आलो. राखाले आलो."

अशी राखण माणूस पिकाची करतो! प्रतीक्षाला नागपूरला जाऊन कॉम्प्युटरची पदवी करायची होती, हे तिनं मला तिसऱ्याच आठवड्यात कानात सांगितलं होतं. मी भाऊंसमोर विषय काढला, तर म्हणाले, "बारावीपर्यंत शिकवा. मंग बस." आणि पुन्हा रस्त्याकडे पाहायला लागले. बस म्हणजे बस.

*

लूप शिकवत होते. म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करायला कॉम्प्युटरला कसं सांगायचं ते. गृहपाठ दिला, एक ते दहा आकडे छापून दाखवा. सगळ्यांचे आले एक, दोन, तीन. प्रतीक्षाचे आले दहा, नऊ, आठ!

"अगं, उलटं का?"

"उलटं कोठी आहे मॅडम? रोवणीत मागंमागंच सरकतो ना! पुढं गेलं तं रोवलेलं तुडवलं जाते."

मी समजावणार, तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला.

"बरोबर आहे तिचं."

तीन महिन्यांत स्टुलावरून आपणहून आलेलं हे पहिलं वाक्य! मी निमूटपणे पूर्ण मार्क दिले.

*

पुढच्या वर्षीची रोवणी. दरवर्षी या दिवसांत कोणाचं शेत आधी, यावरून अर्ध्या गावाची तोंडं अर्ध्या गावाकडून फिरलेली असतात. शेवंताबाई वैतागून प्रतीक्षाला म्हणाल्या, "तुह्या त्या डब्ब्यालेच विचार बाई, म्हणजे मले शिव्या नाही पडाच्या."

प्रतीक्षानं मनावर घेतलं. कोणाच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी आहे, कोणाचे पऱ्हे किती दिवसांचे झालेत, म्हणजे रोपं लावण्याजोगी आहेत की नाहीत, सगळं घरोघर विचारून भरलं आणि प्रोग्राम लिहिला. यादी निघाली. चौदा घरं. सगळ्यात शेवटी कोण? नामदेवभाऊ!

भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा उंबरठ्याच्या आत आले. कागद हातात.

"माही बांधी शेवटी काहून?"

"बाबा, आपले पऱ्हे लहान आहेत अजून."

"हे कॉम्प्युटर म्हणते का तू म्हणतेस?"

मी मनात म्हटलं, संपलं, उद्यापासून ही येत नाही.

प्रतीक्षा उभी राहिली. "मी म्हणते बाबा. मी जे सांगते तेच ते म्हणते."

भाऊंनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसले. आणि खरंच, तेरा घरांची रोवणी होईपर्यंत थांबले. मला त्या मुलीचा इतका अभिमान वाटला की मी दोन दिवस उगीचच सगळ्यांना चहा पाजत होते.

*

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. जत्रा असते, नाटक असतं, घरोघरी पाहुणे येतात, आणि आलेच आहेत तर मुलीही पाहून जातात. बारावीपर्यंत शिकवा म्हणणाऱ्या नामदेवभाऊंच्या घरी बारावी व्हायच्या आधीच पाहुणे आले. प्रतीक्षानं सांगितलेला हा किस्सा.

मुलाच्या मामानं चहाचा घोट घेत विचारलं, "पोरीले काय काय येते?"

आईनं स्वयंपाक सांगितला, शिवण सांगितलं. मामानं भाऊंकडे पाहिलं. "अन् तुम्ही काही सांगा."

भाऊंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "यंदा रोवणीत तिनं मले शेवटी टाकलं. चौदा घरांत चौदावा. बापाचीही भीड नाही ठेवत."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा संपवला आणि निघाले ते निघालेच! आता हे भाऊ मुद्दाम बोलले की सहज, ते मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

*

बारावीचा निकाल लागला. नागपूरच्या कॉलेजात प्रतीक्षाचं नाव लागलं. भाऊ हो म्हणेनात, नाही म्हणेनात. प्रवेशाला चार दिवस उरले आणि पोरगी रडकुंडीला आली. मी ठरवलं, आज काय ते होऊन जाऊ दे. रस्ताभर मुद्दे पाठ करत त्यांच्या घरी गेले. भाऊ गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते.

"भाऊ, हॉस्टेलची काळजी करू नका," मी सुरुवात केली. "तिथं संध्याकाळी..."

"साडेसातले दार लागते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"जाऊन आलो ना परवा. दिवसभर समोरच्या टपरीवर बसलो. पोरी येतात, जातात, वाटेत कोणी अडवत नाही. चौकीदार माह्याच वयाचा हाय. झोपत नाही."

म्हणजे माणूस एकटा नागपूरला जाऊन हॉस्टेलचीसुद्धा राखण करून आला होता! माझे पाठ केलेले मुद्दे तसेच राहिले. मी गोठ्यातच डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

"मग पाठवता?"

"पेटी घेतली तिच्यासाठी," भाऊ म्हणाले आणि वैरण टाकायला लागले.

*

प्रतीक्षाचा क्लासमधला शेवटचा दिवस. मी म्हटलं, जाता जाता हिला काहीतरी अवघड देऊ. फळ्यावर एक नवा प्रकार मांडला. आपणच आपल्याला बोलावणारं फंक्शन! त्यानं स्वतःला बोलावलं की ते पुन्हा सुरू होतं, मग ते पुन्हा स्वतःला बोलावतं. एवढं सांगून झालं आणि शेवंताबाई डबाभर चिवडा घेऊन आल्या. मग काय, खडू ठेवला तो ठेवलाच. रूपाली रडली, प्रतीक्षा रडली, चिवडा संपला, क्लास सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी लेकीला नागपूरच्या बसमध्ये बसवलं. एकटीला. आपण चढले नाहीत. रूपालीनं स्टँडवर पाहिलं, बस वळेपर्यंत पेटी चढवलेल्या जागीच उभे होते.

दुपारी मी क्लास उघडला. स्टूल आत घ्यावं की राहू द्यावं, कळेना. राहू दिलं. मुली आल्या, कॉम्प्युटर सुरू झाले. चार वाजले आणि खाली सायकल लावल्याचा आवाज आला.

नामदेवभाऊ जिना चढून आले आणि स्टुलावर बसले.

मी दारात गेले. "भाऊ... प्रतीक्षा तर गेली ना नागपूरला?"

"गेली ना. मीच बसवलं बसमध्ये."

"मग?"

भाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. स्टूल उचललं, उंबरठ्याच्या आत आणून ठेवलं आणि फळ्याकडे तोंड करून बसले.

"ते फंक्शन आपणच आपल्याले बोलावते म्हणलं तुम्ही काल. मंग ते थांबते कवा? तेवढंच राहिलं सांगाचं."