रसेल नॉस्केचा घसा

रसेल नॉस्केला कुजबुजता येत नाही. आमच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांच्या अंत्यविधीला त्याने बायकोच्या कानात हळूच विचारलं, "सँडविचं कुठे ठेवलीयत गं?" आणि पुढच्या तीन रांगांनी मागे वळून एकदमच हॉलच्या दाराकडे बोट दाखवलं. तो कौन्सिलचा ग्रेडर चालवतो. दिवसभर कच्चे रस्ते खरवडायचे आणि इंजिनाच्या वरताण बोलायचं, त्यामुळे आवाज असा झाला असेल असं लोक म्हणतात. त्याची आई मात्र म्हणायची की तो जन्मला तेव्हाच नर्सने कानावर हात ठेवले होते. अख्खं टॅरविक गाव त्याला भोंगा म्हणतं.

वय एकेचाळीस. आमचा फुटबॉल ऑस्ट्रेलियातला, त्यात चेंडू हातानेही धरतात आणि एका गोलचे सहा गुण. आमच्या फुटबॉल संघात गोलच्या तोंडाशी उभं राहायचं आणि समोरच्यांचा सगळ्यात दांडगा गडी अडवायचा, हे काम तो बावीस वर्षं करत होता. बोटं तीनदा मोडली, नाक दोनदा. नाकाबद्दल त्याला वाईट वाटत नाही, पहिलं काही फार चांगलं नव्हतंच म्हणतो.

मी ग्लेनिस. आठवडाभर शाळेची बस चालवते, आणि एकोणीस वर्षं या संघाची मालीश, पट्ट्या, बर्फ आणि पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे आहेत. रसेलच्या मांड्या मला माझ्या स्वयंपाकघराइतक्या पाठ आहेत. यावर कोणी दात काढले तर काढोत. त्याची बायको लिअॅन कँटीन सांभाळते. तिचं म्हणणं एवढंच, "तूच ठेवून घे त्याला, फक्त रविवारी कचरा बाहेर काढायला परत पाठव."

रसेलचं एकच दुखणं होतं आणि त्यावर माझ्याकडे तेल नव्हतं. तो संघात आला त्याच्या आदल्याच वर्षी टॅरविकने अंतिम सामना खेळला होता. त्यानंतर एकदाही नाही. म्हणजे बावीस वर्षं हा माणूस एका शनिवारची वाट बघत होता. गेल्या वर्षी गाडं रुळावर आलं. साखळी संपली तेव्हा आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो. आणि नेमकं तेव्हाच, पहिल्याच बाद सामन्याला, डेमियनने रसेलला बाहेर बसवलं.

डेमियन आमचा कोच. एकतीस वर्षांचा, शाळेत व्यायाम शिकवतो, माणूस वाईट नाही. पण त्याच्याकडे लॅपटॉप आहे. त्या लॅपटॉपचं म्हणणं पडलं की रसेलच्या हाताला सामन्यात सरासरी फक्त पाच वेळा चेंडू लागतो. मग रसेलच्या जागी जॅरड आला. मेंढ्या कातरणारा, तेवीस वर्षांचा, अंगाने घोड्यासारखा आणि तोंडाने मुका.

त्या शनिवारी रसेल घरी बसला असता तर तो रसेल कसला? कुंपणाला लागलेल्या गाड्यांच्या रांगेत, गोलच्या अगदी मागे तो उभा राहिला आणि दोन तास ओरडत राहिला. पण प्रतिस्पर्ध्यांचा गोल झाला की त्यांच्या गाड्यांचे हॉर्न सुरू व्हायचे आणि त्याचा आवाज त्यात बुडायचा, आणि गोल तर होतच राहिले. चौदा झाले. आमचे बचावातले दोन गडी एकाच चेंडूसाठी दोन बाजूंनी पळत आले आणि एकमेकांवर आदळले. एकाचा दात मी गवतात शोधला, मिळाला नाही. आम्ही हरलो. नशीब की आमच्या लीगमध्ये वरच्या दोघांना एक हार माफ असते. पुढच्या शनिवारी मर्टन क्रीकला हरवलं तर अंतिम सामना, नाहीतर बूट धुऊन फळीवर.

गुरुवारी संध्याकाळी सराव झाला की निवड समिती कँटीनच्या मागच्या खोलीत बसते. बाकीचे बाहेर सूप पीत थांबतात. आत डेमियन, मेंढ्यांचा व्यापारी आयव्हन शीअर, आणि आयव्हन म्हणेल त्याला मान डोलावणारा सेक्रेटरी. मला बोलावतात ते कोणाचा पाय कसा आहे एवढं सांगायला. सांगायचं आणि निघायचं.

"रसेल?" डेमियनने विचारलं.

रसेलने त्या दिवशी धावून, उड्या मारून, गर्रकन वळून दाखवलं होतं. "कुठे दुखतंय का?" म्हटलं तर नुसती नकारार्थी मान हलवली होती. मंगळवारच्या सरावालाही तो असाच गप्प होता. वगळल्याचा राग धरून बसलाय, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

"पाय एकेचाळीस वर्षांचा आहे," मी म्हटलं. "चालेल."

"चालेल म्हणजे काही फार नाही," डेमियन लॅपटॉपकडे बघत म्हणाला. "मग जॅरडच."

मी निघायला हवं होतं. पण तो दात माझ्या डोक्यात होता. "तुझ्या त्या डबड्यात आवाज मोजतात का रे डेमियन?"

"काय?"

"मी बाटल्या घेऊन आत पळत असते, मला ऐकू येतं. रसेल असला की मागचे सहा जण एका डोक्याने खेळतात. कोणी पाठीवर आला की 'पाहुणा आला!' मधली वाट उघडी पडली की 'दार लाव!' पोरगं घाबरून चेंडू कुठेही भिरकवायला लागलं की 'सावकाश, दुकान उघडं आहे!' गेल्या शनिवारी काय होतं मागे? सहा जण मुक्याने उभे. त्याचे पाय गेले खड्ड्यात. घसा घे त्याचा, घसा!"

आयव्हन शीअर हसायला लागला. "बाई बोलतेय ते बरोबर आहे. जॅरडला कोपऱ्यात टाक, भोंग्याला मधे."

सेक्रेटरीने मान डोलावली. डेमियनने लॅपटॉप मिटला, आणि मी माझ्यावर खूश होऊन बाहेर आले.

नावं वाचताना डेमियनने मोठेपणा दाखवला. "गोलच्या तोंडाशी, रसेल," तो म्हणाला. "खरं सांगतो, मागून आवाज हवाय आम्हाला. घसा साफ करून ये, म्हातारबा!" पोरांनी टेबलं बडवली. रसेलचा चेहरा मात्र उतरला. त्याने अंगठा वर केला आणि सूपच्या वाडग्यात बघत बसला. मला वाटलं, भरून आलं असेल.

शनिवारी त्याच्या मांडीला तेल लावताना त्याने माझी कॉलर धरून मला खाली ओढलं आणि कानात काहीतरी म्हणाला. कानात नुसती हवा आली.

"काय?"

पुन्हा हवा. त्याने गळ्याकडे बोट दाखवलं, मग खिडकीतून कुंपणाकडे. गेल्या शनिवारचा तो दोन तासांचा आरडाओरडा. घसा तेव्हाच बसला होता आणि सात दिवसांत उठला नव्हता.

आम्ही त्याचे गुडघे तपासले, घोटे तपासले, वाकवून कंबर तपासली. ज्यासाठी त्याला घेतलं तो घसा कोणीच तपासला नव्हता. माझं डोकं असं तडकलं की मी तेलाची बाटली हातात घेऊनच कँटीनमध्ये गेले.

"लिअॅन, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अठरा वर्षं झाली लग्नाला, ग्लेनिस," ती कांदे परतत शांतपणे म्हणाली. "पहिल्यांदा घरात आठवडाभर शांतता होती. मी कशाला बोंब मारू?"

आता डेमियनला सांगायचं की नाही, हे माझ्यावर आलं. सांगितलं असतं तर राखीव गडी आत आला असता आणि रसेल कपडे घालून पुन्हा कुंपणापाशी. परत आले तर तो बाकावर बसून माझ्याकडे बघत होता. आवाज नसला तरी त्या बघण्याचा अर्थ लागत होता. मी पट्टी बांधली, मांडीवर थाप मारली आणि गप्प बसले. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

पहिल्या दहा मिनिटांत त्याची फळं मिळाली. रसेल तोंड उघडायचा, मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या, आणि निघायचं काहीच नाही. मर्टन क्रीकचे धडाधड तीन गोल झाले. मी पाणी घेऊन आत पळाले आणि जॅरडला म्हटलं, "आज बोलायचं काम तुमचं. भोंगा बंद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद. ओरड काहीतरी!"

त्याने आधी रसेलकडे बघितलं. रसेलने दोन्ही हात पसरून 'असंच आहे बाबा' अशी खूण केली. पुढचा चेंडू आला तेव्हा जॅरड लाजत, चर्चमध्ये गातात तसं म्हणाला, "पाहुणा आला." ज्याच्यासाठी होतं त्याला ते ऐकू गेलं. तो वळला, चेंडू त्याच्या हातात. पुढच्या वेळी जॅरड मोठ्याने ओरडला. मग तो दातपडका सुरू झाला: "दार लाव! दार लाव!" मध्यंतरापर्यंत पाचही जण बोंबलत होते, आणि एकाच्याही तोंडात स्वतःचा शब्द नव्हता. 'दुकान उघडं आहे' तर ते नको तिथेही ओरडत होते.

आणि रसेल? मला खरंच माहीत नाही रसेल काय करत होता. मी त्या पाच जणांचा आवाज ऐकत होते. आम्ही नऊ गुणांनी जिंकलो. आमच्या बाजूच्या गाड्यांनी एवढे हॉर्न वाजवले की आयव्हनच्या ट्रकची बॅटरी उतरली.

खोलीत डेमियनने रसेलला मिठीच मारली. "काय आवाज रे तुझा! पार पलीकडच्या कुंपणापर्यंत 'दार लाव' ऐकू येत होतं!"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. ते श्रेय घ्यायला रसेलने नुसतं गप्प राहणं पुरेसं होतं, आणि तेवढं त्याला त्या दिवशी सहज जमत होतं. अंतिम सामन्यात त्याची जागा पक्की होती. त्याने माझ्या हातातली चिकटपट्टी घेतली, एक तुकडा फाडला, पेनाने काहीतरी लिहून माझ्या बाहीवर चिकटवलं. लिहिलं होतं, 'सांग त्याला.'

"नक्की?" मी विचारलं. त्याने मान डोलावली.

मी सांगितलं. तो ओरडला नाही, हे पाच जण ओरडले. घसा आठवड्याचा गेलेला आहे. मला सकाळी कळलं आणि मी लपवलं. डेमियनच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू गेला.

"म्हणजे त्याच्या घशासाठी मी त्याला घेतला, आणि घसा नव्हताच?"

"नव्हता."

"मग दोन तास हा करत काय होता?" असं म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. मर्टन क्रीकचा तो दांडगा गडी, ज्याने मोसमात नव्वद गोल मारले होते, त्याच्या नावासमोर एक गोल होता. रसेलच्या स्वतःच्या हाताला चेंडू लागला होता चार वेळा. डेमियनने तो एका गोलचा आकडा दोनदा वाचला. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि कोपऱ्यात बसलेल्या रसेलकडे बघितलं. रसेल बुटाच्या नाड्या सोडत होता आणि वाकताना त्याला त्रास होत होता.

पुढच्या गुरुवारी मला बाकीच्यांच्या पायांबद्दल विचारलं, पण रसेलच्या पायांबद्दल विचारलं नाही. नावं वाचताना डेमियन म्हणाला, "गोलच्या तोंडाशी, रसेल," आणि लगेच पुढच्या नावाकडे गेला. घशाचा विषय निघाला नाही. टेबलं मात्र पोरांनी अशी बडवली की सूप सांडलं.

रसेल बाहेर माझ्या बसला टेकून उभा होता. आवाज निम्मा परत आला होता, म्हणजे साधारण चारचौघांइतका. एवढ्या हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"आयव्हनने सांगितलं मला," तो म्हणाला. "त्या खोलीत तू माझ्या घशाची वकिली केलीस."

"केली. आत घेतलं ना त्यांनी?"

"एकोणीस वर्षं पाय चोळतेयस माझे. आणि म्हणालीस, पाय गेले खड्ड्यात."

मला फार लाज वाटली. विनोद करून वेळ मारून नेता आली असती, पण नेली नाही.

"मला वाटलं होतं तुझे पाय संपले, रसेल," मी म्हटलं. "अगदी खरं सांगते."

त्याने खाली आपल्या पायांकडे बघितलं.

"मलाही वाटलं होतं गं," तो म्हणाला.