वत्सलेच्या विषयांपायी अमरावती

अमरावतीला मी अंबादेवीसाठी गेले नाही, संत्र्यांसाठीही नाही. गेले ती भावाशी भांडून. आमचा बाळू अकोल्यात वकील. त्याची मुलगी वत्सला अमरावतीला कॉलेजात आहे. मुख्य विषय संस्कृत, आणि जोडीला फारसी, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र असे तीन गौण विषय. सहामाहीत ती संस्कृतातच घसरली. बाळूनं जाहीर केलं, वार्षिक परीक्षेत नापास झाली तर कॉलेज बंद, लग्न उरकून टाकीन. नापासाला लग्नाची शिक्षा हा कायदा कोणत्या पुस्तकात आहे, ते वकिलांनाच ठाऊक. मी शाळेतून निवृत्त, मोकळी. ट्रंक भरली नि निघाले.

जाणाऱ्यांनी सकाळची पॅसेंजर धरावी. मूर्तिजापूरला ती रेंगाळते, कारण छोट्या लाइनीचे उतारू बोचकी घेऊन धावत येतात. तेवढ्यात घरची झुणका-भाकरी उरकावी; तिथल्या चहाच्या वाटेला जाऊ नये. बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी बदलतात. मी शहाणपणा करून टांगा केला आणि जिनाकडे सरकी काढायला निघालेल्या कापसाच्या बैलबंड्यांमागे धूळ खात पोचले.

वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंनी दारातच गाठलं. “बाई, पोरगी जेवून नाही राहिली, पुस्तकंच खाऊन राहिली.”

वत्सलेचे डोळे खोल गेले होते. मी सांगितलं, तिन्ही विषय सोड.

“आत्या, आपल्या वावरात नुसती पऱ्हाटी असते का? मधे तुरीचं तास असतंच ना?”

“असतं. पऱ्हाटीच्या आठ-दहा ओळींमागे एक तास. तू पऱ्हाटीच्या एका तासाला तुरीची तीन लावलीस. कापूस येईल कुठून?”

ती हसली, मग रडायला लागली. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी मला रुमालावर भरतकाम शिकवलं, रडणाऱ्या पोरीचं काय करायचं ते नाही. मी संत्रं सोलून तिच्या हातात दिलं.

तर्कशास्त्र मैत्रिणीनं घेतलं म्हणून घेतलं होतं. ते पहिल्या चार फोडींतच गेलं. उरलेली दोन्ही तिला मनापासून हवी होती. शिकवतं कोण, मी विचारलं. अर्थशास्त्राचे मास्तर पुस्तकातलंच वाचून दाखवतात. फारसीचे मौलवीसाहेब म्हातारे. तिच्याकडून एकेक ओळ म्हणवून घेतात, चुकली की पुन्हा. या वर्षानंतर ते शिकवणार नाहीत.

“मग झालं,” मी म्हटलं. “ज्याला माणूस लागतो ते इथे शीक. पुस्तक कुठे पळून जात नाही.”

दुसऱ्या दिवशी तिनं प्राचार्यांना तसं कळवलं. मला स्टेशनवर सोडायला आली तेव्हा अर्थशास्त्राचं पुस्तक तिनं माझ्या पिशवीत घातलं. खोलीत राहिलं तर हात जाईल, म्हणाली.

अकोल्यात बाळू फारसीवर घसरला. आपल्या घरातल्या मुलीला ती काय कामाची? मी सांगितलं, परीक्षा होईतो तिला एक शब्द बोलायचा नाही, आणि नापास झालीच तर ती माझ्याकडे राहून पुन्हा बसेल. तो पान लावत बसला. निकाल अजून दूर आहे. ती पास होईलच, असं मी छातीठोक सांगणार नाही.

काल बाळूनं मला ओसरीवर अर्थशास्त्र वाचताना पकडलं. “ताई, या वयात हे काहून वाचून राहिली?”

म्हटलं, उन्हाळ्यात वत्सला येईल. तिला शिकवायला कुणी माणूस नको?