मांजर कोण, हे मीनाक्काला कळेना

आमच्या मीनाक्कासारखी सरळ बाई अख्ख्या कारखान्यात न्हाय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमी दोघी शेजारीशेजारी बसून टॉवेलच्या कडा शिवतो. घरंबी एकाच गल्लीत, म्हणून तिचं सगळं मला ठावं. कुणी हो म्हटलं की तिच्या लेखी हो, न्हाय म्हटलं की न्हाय. मधलं काय असतंय ते तिला उमगतच न्हाय. आणि तिच्या लेकीचं, अंकिताचं, स्थळ नेमकं मधेच अडकलं.

मंगळवेढ्याची माणसं पोरगी बघून गेली होती. पोरगा शिवपुत्र, चिंचोळीत कंपनीत कामाला. आमच्याकडं 'आता तुमी घर बघायला या' म्हणून आवतण आलं की पसंती समजायची. आवतण आलं. मीनाक्कानं सुट्टी घेतली, साडीला इस्त्री करून आणली, आणि आदल्या दिवशी पोराचा फोन, "मावशी, या वेळी राहू द्या, पुढं कळवतो." पुढं काय कळवंना. बरं, दुसरं स्थळ बघावं म्हटलं तर याला कुठनं वास लागायचा कुणास ठाऊक, लगेच फोन, "दुसरीकडं बघू नका." मग परत आवतण, परत राहू द्या. मोठी माणसं सोडून पोरगंच फोन करतंय, हे माझ्या डोक्यात जायचं. मीनाक्काच्या जिवाला मात्र घोर. लेकीचं लग्न जुळलं का मोडलं, हेच तिला सांगता येईना. नवऱ्याला, निंगप्पाला, विचारावं तर तो म्हणायचा, "बघू की."

एकदा तिच्या घरी चहा पिताना मला विचारती, "पसंत असंल तर बोलवत का न्हाईत? आन् नसंल तर सोडत का न्हाईत?"

अंकिता बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत तिथंच बसलेली. मान वर न करता म्हणाली, "आई, इंग्रजीत याला कॅट अँड माऊस म्हणतात. मांजर उंदराला लगेच खात नाही. सोडतं, पळू देतं, परत पंजा टाकतं. त्या सवयीवरून आलंय ते."

"म्हणजे आपुन उंदीर?" मीनाक्कानं विचारलं.

मग पोरीनं आणखी सांगितलं. शंभर वर्षांमागं इंग्लंडात बायका मतदानाचा हक्क मागत होत्या. सरकार तुरुंगात टाकायचं, या तिथं जेवण सोडायच्या. मरायला टेकल्या की सरकार सोडून द्यायचं, जरा सुधारल्या की परत धरायचं. त्या कायद्याला लोकांनी हेच मांजर-उंदराचं नाव ठेवलं होतं.

"मग पुढं?"

"मागायचं सोडलं नाही त्यांनी. मिळालं मत."

मीनाक्कानं चहाचे कप उचलून मोरीत ठेवले. रविवारी सकाळी माझ्या दारात उभी. "चल मंगळवेढ्याला. तोंडावर विचारते." बिनबोलावता पोराच्या घरी जाणं आमच्यात लई वाईट दिसतंय. मी तिला म्हटलं, लोक शेण घालतील तोंडात. पण ती एसटीत बसलीबी, मग मी काय करणार, बसले.

पोराची आई आम्हाला बघून गडबडलीच. पाणी दिलं आणि आमच्याआधी तीच रुसून म्हणाली, "एवढं टाळता कशापायी? दर खेपेला आमी घर सारवून-आवरून बसतोय, आन् हा सांगतोय, त्यांना जमंना झालंय म्हणून."

मीनाक्का माझ्याकडं बघाया लागली. शिवपुत्र घरीच होता. त्याला बोलावलं. बेट्यानं मान खाली घातली. "अंकितानं सांगितलंय. परीक्षा होईपर्यंत बोलणी पुढं जाऊ देऊ नका म्हणून. आणि दुसरं स्थळबी येऊ देऊ नका."

मला असा राग आला. आपल्याच घरात मांजर पाळून आमी मंगळवेढ्यापर्यंत शोधत आलो होतो. परतीच्या एसटीत मीनाक्का सारखं एकच विचारत राहिली, "म्हणजे पोरगा पसंत हाय का न्हाय तिला?" मला तरी काय ठाऊक.

घरी येऊन तिनं लेकीला समोर बसवलं. अंकिता शांतपणे म्हणाली, "पसंत आहे. पण एकदा घर बघून झालं की तारीखच काढता तुम्ही. मग कसली परीक्षा."

मीनाक्का म्हणाली, "मी काय सरकार हाय व्हय गं? त्या बायांनी निदान उघड मागितलं. तू मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं होतं आई. ती माणसं मला बघायला आली त्याच दिवशी. तू म्हणालीस, ते बघू नंतर, आधी साडी नेस."

मीनाक्काला काय आठवंना. तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "असं म्हणाली होती ही?"

साडीच्या निऱ्या मीच धरल्या होत्या त्या दिवशी. मी म्हटलं, "व्हय अक्का, म्हणाली होती."