जीपखालचे चार पाय

बस स्टँडवरून ताई थेट गॅरेजवर आली. आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाही उलटला नव्हता. बापाचं पथ्यपाणी बघावं म्हणून ती आपलं ड्रायव्हिंग स्कूल नवऱ्याच्या गळ्यात टाकून निघाली होती. दारातून बघते तर जुन्या जीपखालून चार पाय बाहेर आलेले. दोन आप्पांचे, टाचांना भेगा पडलेले. दुसरे दोन धाकट्या भावाच्या बायकोचे, सलवार घोट्याच्या वर गुंडाळलेली. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.

ताईच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच.

ही जीप म्हणजे तिचं बालपण. पाय पुरत नव्हते तेव्हा सीटच्या कडेवर बसून ती याच जीपवर गाडी शिकली होती. पुढे पेट्रोलचं इंजिन कायमचं बसलं आणि जीप भिंतीला टेकून गंजत राहिली. आता आप्पा आणि त्यांची सून मिळून तिच्यात अपघातात चेचलेल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन बसवत होते, मागची चाकं जोडणारा जाड एक्सलही त्याच पिकअपचा. गिअरबॉक्स मात्र जीपचाच ठेवायचा होता. इंजिनाची भोकं आणि गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, तेव्हा सुनेनं मधे बसवायच्या लोखंडी प्लेटचा साचा पुठ्ठ्यातून कापला. तिच्या माहेरी शिवणकाम. शिंप्याच्या खडूनं खुणा करून तिनं तो असा बिनचूक उतरवला की लेथवाल्याला एकदाही कानस फिरवावी लागली नाही. तो पुठ्ठा आप्पांनी भिंतीला टांगला होता आणि येईल त्याला ते तो दाखवायचे, नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा.

भावाला ग्रीसचा वासही सहन व्हायचा नाही. तो ऑफिसातून आला की दारातूनच जेवायला हाक मारायचा. गॅरेज होतं ते या दोघांचंच. ताईनं काहीही विचारलं, की आप्पा म्हणायचे, सूनबाईला विचार. डोळ्यात थेंब टाकायच्या वेळासुद्धा सूनबाईलाच पाठ. ताईला आठवायचं, आप्पा नुसते खाकरले तरी कितीचा पाना हवाय ते आपल्याला कळायचं. पण पाना देण्यापलीकडे आपला हात कधी गेला नाही. आणि ही तीन वर्षांत वेल्डिंग करायला लागली!

एका दुपारी दोघं बॅटरी आणायला गेली. ताई जीपखाली शिरली. तांदळात खडा शोधावा तशी ती चूक शोधत होती. वेल्डिंगचे सांधे एकसारखे, नट घट्ट, पाइप नीट बांधलेले. एकेक सांधा चाचपताना तिचा जीव जळत होता. मग तिचा हात पुढे गेला. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं; ते आणि पुढचा एक्सल यांच्यात जेमतेम दोन बोटं मावत होती. गाडी उभी असताना ठीक होतं. पण खड्ड्यात एक्सल चांगला वीतभर वर उचलला जातो. चेंबर फुटणार, ऑइल सांडणार, इंजिन जाम होणार.

ती बाहेर आली, साबणानं हात धुतले आणि कुणाला काही बोलली नाही. त्या दिवशी ती दोन घास जास्तच जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. शेजारचा वायरमन, समोरचा टायरवाला, सगळे जमले. दोन-तीनदा धूर ओकून इंजिन चालू झालं. आप्पांनी बॉनेटवर तळवा टेकवला. "सूनबाई, बाळंतपण सुखरूप झालं बघ," ते म्हणाले.

ताईला राहवेना. "पहिल्या खड्ड्यात चेंबर फुटेल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

इंजिन बंद झालं. भावजय खाली शिरली, वेळ लावून बाहेर आली. "ताई बरोबर सांगतायत, आप्पा," ती म्हणाली. मग ताईकडे वळून तिनं विचारलं, "कधी बघितलंत?"

"काल."

"काल?" भावजय एवढंच म्हणाली आणि पाने आवरायला लागली.

माणसं पांगली. आता आप्पा आपल्याला शाबासकी देतील असं ताईला वाटलं होतं. पण आप्पा सुनेपाशी गेले. माझ्या पहिल्या इंजिनाच्या वेळी याहून मोठा घोळ झाला होता, असं सांगून त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, तिच्यापुढे चहा ठेवला. ज्या लेकीची नजर बरोबर ठरली, तिला चहाही कुणी विचारला नाही.

"मला का नाही शिकवलंत हे सगळं?" तिनं विचारलं.

आप्पांनी काळा चष्मा काढून पुसला. "तू जाणार होतीस गं. एवढं शिकवलं असतं आणि तू गेली असतीस, तर मला इथं करमलं नसतं."

हे ऐकून तिचं मन निवायला हवं होतं. निवलं नाही. ती गेली होतीच, आणि यांना तर छान करमत होतं.

इंजिन पुन्हा उतरवलं. भावजयीनं चेंबरचा तळ कापून उथळ केला, बाजूनं रुंदावला, पुन्हा वेल्ड केला. इंजिनही बॉनेटला लागणार नाही इतपत वर उचललं. ताईनं मुक्काम लांबवला आणि दिवा धरून उभी राहिली.

गावाबाहेर दगडाची एक बंद खाण होती. तिथल्या चढणीवर गाड्या चढवून बघायला सुट्टीच्या दिवशी जीपवाले जमायचे. आप्पांना डोळ्यामुळे मनाई होती आणि भावजयीनं गाडी चालवली होती ती फक्त गल्लीत. किल्ली ताईच्या हातात आली. तिनं लो गिअर टाकला, क्लचवरचा पाय काढला आणि गाडीला तिच्या चालीनं जाऊ दिलं. खड्ड्यात एक चाक पार वर उचललं गेलं; खालून कसलाही आवाज आला नाही. दगड उडवत जीप माथ्यावर जाऊन उभी राहिली.

तिनं खाली पाहिलं. आप्पा सुनेची पाठ थोपटत होते. "काय ओढतंय इंजिन!" हे त्यांचे शब्द वरपर्यंत आले. चालवणारीबद्दल चकार शब्द नाही.

भावजयीचं मात्र आप्पांकडे लक्षच नव्हतं. ती ताईच्या सीटकडे बघत होती. ती नजर ताईनं ताबडतोब ओळखली; गेले काही दिवस ती स्वतः तीच नजर घेऊन गॅरेजभर फिरत होती. तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

भावजय धापा टाकत चढण चढून आली. "मला शिकवाल?"

नाही म्हणावं असं ताईच्या ओठांवर आलं होतं. पण गाडी शिकवणं हा तिचा धंदा, आणि वाईट शिकवायचं कसं ते तिला येत नव्हतं. उतरताना ब्रेक दाबायचा नाही, इंजिनालाच गाडी धरू द्यायची, इथपासून तिनं सुरुवात केली. जळत जळत शिकवलं, पण नीट शिकवलं. उन्हं कलायच्या आत भावजय एकटी वर जाऊन आली.

"क्लच उशिरा सोडते," ताई आप्पांना म्हणाली.

"तूही उशिराच सोडायचीस," आप्पा म्हणाले.

आता ताई दर रविवारी फोन करते. भावाला नाही, आप्पांनाही नाही, थेट भावजयीला. खाणीत काय काय मोडलं, हे पहिलं विचारते. काही मोडलं असेल तर दोघी तासभर बोलतात. काहीच मोडलं नसेल तर ताई फोन लवकर ठेवते.