ओहोटीचा आकडा

बँकेच्या मुंबईच्या ऑफिसात आमचं मेनफ्रेम, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर, एका थंडगार हॉलभर पसरलेलं होतं. महाडहून आलेली मी तिथे चपला काढून जायचे. नियमच होता तसा, पण नसता तरी मी काढल्याच असत्या. गावोगावच्या शाखा एकाच वेळी त्याच्याशी बोलायच्या आणि ते कुणालाही ताटकळत ठेवायचं नाही.

शाखांना आत घ्यायचं, बाहेर सोडायचं, यासाठी त्यात अखंड चालणारी एक टास्क होती. कामापुरती मेमरी घ्यायची, काम संपलं की परत करायची, एवढा साधा हिशेब. पण हिची मेमरी हळूहळू फुगत चालली होती. पंधरवडाभरात टास्क गुदमरायची आणि सगळ्या शाखा एकदम गप्प व्हायच्या. कारण शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी रोज भर दुपारी तिने घेतलेल्या मेमरीचा आकडा बघायचे. आमच्या सीनियर सरांचा रिपोर्ट याच टास्कमधून निघायचा आणि तो सुरू झाला की आकडा उसळायचा. झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. भर बैठकीत मी सांगून टाकलं, दोष सरांच्या प्रोग्रामचा आहे.

सरांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं. पुढच्या महिन्यापासून त्यांनी जुन्या नोंदींच्या टेपा ठेवायच्या खोलीत बसावं, असं ठरलं. मला हे मशीन ज्यांनी शिकवलं, ते आता टेपा शोधून देणार. "पुन्हा एकदा बघ," एवढंच ते म्हणाले. मला ती सबब वाटली.

गौरींना मी तुडीलला आत्याकडे गेले. दोन दिवस पावसाची झड लागली होती. सावित्री नदीचं पाणी घाटाच्या वरच्या पायरीला टेकलेलं बघून माझी गाळण उडाली. आत्या तांदूळ निवडत होती. "भरती हाय गो ती. चढलेलं काय बघतेस? उतरल्यावर धुण्याचा दगड दिसतो का, ते बघ."

ओहोटीला दगड दिसला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला पाणी पुष्कळ खाली होतं, शांत होतं, पण दगड काही दिसेना. आत्या निमूटपणे तांदळाचे डबे माळ्यावर ठेवायला लागली. शेजारी हसला, "काकू, नदी उतरली की."

"पुरती नाय उतरली," ती म्हणाली.

संध्याकाळी अंगणात पाणी आलं. मी माळ्याच्या शिडीवर बसून तिच्याकडे बघत राहिले. चौथीसुद्धा न झालेली ही बाई नदी वाचत होती आणि मला एक आकडा धड बघता येत नव्हता.

मुंबईत परतल्यावर मी सकाळी सातला, शाखा उघडायच्या आधी आकडा घ्यायला लागले. सरांचा रिपोर्ट दुपारी खूप घ्यायचा, पण संपला की घेतलेलं सगळं परत द्यायचा. सकाळचा आकडा मात्र रोज थोडासा वर. नोंदी जुळवत गेले. एखाद्या शाखेची लाइन मध्येच तुटली की तिच्यासाठी घेतलेला मेमरीचा एक छोटा तुकडा तसाच अडकून राहत होता. सगळ्यांत जास्त तुकडे पोलादपूरचे निघाले, कारण पावसात तिथला फोन दिवसातून कितीदा तरी मरायचा. आणि लाइन तुटल्यावर काय करायचं, ते लिहिलं होतं कुणी? मीच, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. काखेत कळसा नि गावाला वळसा.

कागद घेऊन गेले, तेव्हा सर ड्रॉवर रिकामा करत होते. आत्याच्या दगडापासून सगळं सांगताना मला रडू आवरेना. "आधी दुरुस्त कर, मग रड," ते म्हणाले.

एका ओळीचं काम होतं. त्यानंतर सकाळचा आकडा हलला नाही. एवढं अवाढव्य मशीन त्या एका ओळीने शांत झालेलं बघून माझे हात जोडले गेले. मग पुढच्या बैठकीत त्याच सगळ्यांसमोर उभी राहून मी माझी चूक सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पण सरांच्या बदलीचा कागद निघाला होता, तो कुणी मागे घेतला नाही.

वर्षभर मी सकाळचा आकडा बघून टेपांच्या खोलीवरून जायचे. सर मान वर न करता विचारायचे, "ओहोटी किती?"

"कालच्याएवढीच, सर."

निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी विचारलं. कालच्याएवढीच होती.